हुंकारा

रविवारी सकाळी उज्ज्वला अंगणात रांगोळीनं पावलं काढत बसली, तेव्हा तिची सासू भिवराबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कावून गं? बैसाखातच महालक्ष्म्या बसिवल्या का?"

"न्हाई आत्या. संस्कृतीसाठी काढते. तिचे पप्पा आज त्या गोष्टीवाल्याच्या गावात फिरणार आहेत ना, तिथं रस्त्यावर अशीच पावलं उमटवलेली आहेत म्हणे. त्या पावलांवर पाय देत गेलं की त्याचं सगळं गाव बघून होतं."

"गोष्टी सांगणाऱ्याची पावलं?"

"हो."

"आमच्या ह्यांनी उभा जन्म गोष्टी सांगितल्या," भिवराबाई म्हणाली. "त्यांच्या पावलांवर म्युन्शिपाल्टीनं मुरूम बी न्हाई टाकला." आणि ती हसत हसत तांदूळ निवडायला वसरीत बसली.

उज्ज्वलाला हसू आलं नाही. रात्रभर ती नीट झोपली नव्हती. साचा टेकवायचा, रांगोळी ओतायची, उचलायचा. हात चालू होता आणि लक्ष सगळं लेकीकडं होतं. साडेचार वर्षांची संस्कृती उंबऱ्यावर बसून रांगोळीचा डबा उघडत होती आणि मिटत होती. उघडत होती आणि मिटत होती. तोंडातून आवाज नाही. रडतानाही तिचा आवाज नाकातून यायचा, शब्दाच्या जवळपाससुद्धा जायचा नाही. अजून ती आई म्हणाली नव्हती.

बीडला नेऊन कान तपासून झाले होते. कान चांगले होते. दर बुधवारी लिंबागणेशहून एसटीनं उज्ज्वला तिला बीडला जिनत मॅडमकडं घेऊन जायची. मॅडम वाचा शिकवायच्या. मुलीचा इवलासा तळवा त्या स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेत आणि म्हणत, "हं... हं... बघ बेटा, इथं कसं थरथरतंय." मग तोच तळवा मुलीच्या गळ्यावर. "आता तू." संस्कृती मॅडमच्या गळ्याकडं टक लावून बघायची आणि स्वतःचा गळा गप्प ठेवायची. उज्ज्वलानं एकदा धीर करून विचारलं होतं, कधी बोलेल? जिनत मॅडमनी गोल गोल उत्तर दिलं नाही. "बोलेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही, ताई. आपण करत राहायचं."

उज्ज्वला बी.एस्सी. झालेली. प्रयोगवहीची सवय हाडात मुरलेली. लेकीच्या तोंडून निघालेला प्रत्येक आवाज ती तारीख टाकून एका वहीत लिहायची. शिंक, उचकी, नाकातला सूर. सगळं खरंखरं. दोन वर्षांत वही अर्धीसुद्धा भरली नव्हती.

दोन वर्षं म्हणजे तिच्या नवऱ्याला, रविराजला, परदेशी जाऊन झाली तितकीच. तो शेतकी पदवीवाला; डेन्मार्कात एका मोठ्या गोठ्यावर लागला. तीनशे गाई, दूध काढायला यंत्रं, आणि यंत्रांवर नजर ठेवायला हा. "घरच्या दोन म्हशी इकल्या अन् लोकाच्या गाई राखाया गेला," असं भिवराबाई अख्ख्या गल्लीला सांगायची. पण सांगताना तिचा चेहरा फुललेला असायचा. त्याचा करार आता संपत आला होता. पुढच्या दोन वर्षांच्या कागदावर सोमवारी, म्हणजे उद्याच, सही करायची होती.

मागच्या रविवारी तो फोनवर म्हणाला होता, "उज्ज्वला, मला तिथं येऊन त्या पोरीच्या गप तोंडाकडं बघवत न्हाई. खरं सांगतो. पण ती एकदा, एकदा जरी मला हं म्हणली ना, ती सही गेली खड्ड्यात. पुढच्या इमानानं घरी."

हे वाक्य उज्ज्वलानं आठ दिवस छातीशी धरून ठेवलं होतं. एक हं. शब्दही नाही. ओठसुद्धा उघडायला लागत नाहीत.

हं-च का, ते त्या घरातल्या माणसालाच कळलं असतं. रविराजचे वडील राधाकिशन पाच वर्षांपूर्वी वारले, पण आसपासच्या दहा गावांत गोष्टी सांगणारा म्हणून त्यांचं नाव अजून होतं. त्यांचा एक नियम होता. ऐकणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला हुंकारा द्यायचा. हं. हुंकारा आला की गोष्ट पुढं सरकायची. नाही आला की तिथंच थांबायची. मग राजा घोड्यावर चढता चढता एक पाय रिकिबीत घालून लटकलेला राहायचा, राणी तोंडात घास धरून बसायची. "हुंकाऱ्याबिगर गोष्ट सांगू न्हाई," ते म्हणायचे, "गोष्टीतली माणसं वाटंत अडकून पडत्यात. त्यांचा तळतळाट लागतो." रविराज त्याच हुंकाऱ्यांवर वाढला होता. त्याच्या लेखी हं म्हणजे पोर ऐकतंय, पोर आपलं आहे.

आणि त्या परक्या मुलखातला तो गोष्टीवाला, दीडशे वर्षांपूर्वी वारलेला, चांभाराचा मुलगा, त्याच्या गोष्टी उज्ज्वलाला शाळेत बक्षिसाच्या पुस्तकातून भेटल्या होत्या. महिनाभर ती त्या संस्कृतीला वाचून दाखवत होती. ती आणि रविराज दोघांनी मिळून हा बेत केला होता. त्यानं सुट्टीच्या दिवशी त्या गावात पायी फिरायचं, व्हिडिओवर सगळं दाखवायचं, आणि नदीकाठी बसून बापाची गोष्ट लेकीला सांगायची. काहीतरी हलेल. कुठंतरी.

"आत्या, आज तुम्ही मधे बोलू नका बरं."

"मी कशाला बोलू? पण दिवसाढवळ्या गोष्ट सांगू न्हाई गं. मामा वाट चुकतो."

"मला भाऊच नाही, आत्या."

"मग बाप चुकंल," भिवराबाई म्हणाली, आणि तांदळातला खडा अंगणात भिरकावला.

*

दुपारी एक वाजता फोन आला. तिथं साडेनऊ. रविराजनं जाड कोट घातला होता आणि इथं कूलरपुढंसुद्धा जीव घाबरा होत होता.

"संस्कृती! बग, पप्पा कुठं आलाय?"

त्यानं फोन फिरवला. दगडी गल्ली, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, पिवळी, गुलाबी, तांबडी. दारं इतकी खुजी की भिवराबाई म्हणाली, "ही काय कोंबड्यांची खुराडी हायेत का?" कोपऱ्यावरचं एक पिवळं घर. "ह्या घरात जन्मला म्हणं तो," रविराज म्हणाला. बाहेर दोन बायका, एक म्हातारा, फोटो काढणारं एक जोडपं. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लिंबागणेशच्या गणपतीपुढं चतुर्थीला असते तशी एक रांग उज्ज्वलाला अपेक्षित होती. प्रसादाची दुकानं, नारळवाले. पण रस्ता झाडून काढल्यासारखा मोकळा होता.

"अन् ही बग पावलं."

फरशीवर मोठ्या बुटांचे दोन ठसे. रविराजनं त्यांच्यात आपले पाय ठेवले. "माझ्यापेक्षा लई मोठा पाय हाय गड्याचा."

तेव्हा संस्कृती उठली. कुणी सांगितलं नाही, कुणी हाताला धरलं नाही. ती उंबऱ्यावरून उतरली आणि अंगणातल्या पहिल्या पावलात तिनं आपलं पाऊल ठेवलं. मग दुसऱ्यात. ऊन मी म्हणत होतं, फरशी तापलेली, उज्ज्वला चप्पल घेऊन मागं धावली. पण पोर थांबेना. फोनमध्ये बाप एक पाऊल टाकायचा, अंगणात ही एक टाकायची.

"अहो, चालतीये! तुमच्या मागं चालतीये!"

"दाखीव, दाखीव की!"

उज्ज्वलानं फोन अंगणाकडं वळवला. दोन वर्षांत पहिल्यांदा संस्कृती कुणाच्या तरी मागून गेली होती. उज्ज्वलानं मनातल्या मनात वहीत लिहूनसुद्धा टाकलं. आवाज नाही, पण पावलं. अकरा पावलं संपली. संस्कृती तुळशीपाशी थांबली, पुढं रांगोळी नाही हे तिनं वाकून बघितलं, आणि परत येऊन डबा उघडायला-मिटायला लागली.

तीन वाजता दुसरा फोन. आता तो चांभाराच्या घरापुढं होता. "ह्या एवढ्याशा खोलीत तिघं राहायचे. बाप जोडे शिवायचा, आय नदीवर लोकांची धुणी धुवायची. बाप पोराला गोष्टी वाचून दाखवायचा म्हणं." वडिलांना रविराज दादा म्हणायचा. "आमच्या दादासारखा."

"दादा कुठं वाचायचे? त्यांना कुठं अक्षर येत हुतं?" वसरीतून भिवराबाई.

"आई, तू तांदूळ निवड."

त्यानं बाकावर बसून गोष्ट सुरू केली. राधाकिशनरावांची मुंगीची गोष्ट. "एक व्हती मुंगी."

"हं," भिवराबाई म्हणाली.

"आई! तू नको देऊ. तिला देऊ दे."

"चाळीस वर्षांची सवं हाय, बाबा. तोंडातून निसटलं."

"एक व्हती मुंगी," रविराजनं पुन्हा सुरू केलं. मग वाट बघितली. उज्ज्वलानं संस्कृतीचा तळवा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि ओठ मिटून नुसता श्वास धरला. आवाज काढायचा नाही असं तिनंच ठरवलं होतं. संस्कृती कूलरच्या पात्याकडं बघत होती.

"बरं, एवढं तसंच सांगतो. मुंगी निघाली नेकनूरच्या बाजाराला. बांगडी आणायला. वाटंत लागली नदी. नदी म्हणली, हुंकारा दे, मग वाट देते."

पाठीमागून कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली.

"मुंगी काठावर उभी हाय, संस्कृती," तो म्हणाला. आवाज उतरलेला. "पप्पा बी आता नदीवर जातो. तिथून सांगतो, हं?"

त्याचंच हं हवेत राहिलं.

मधल्या दीड तासात उज्ज्वलानं जे जे माहीत होतं ते सगळं केलं. आरसा दाखवला. गालावर बोटं ठेवून ओठ मिटवले. हं... हं... हं... म्हणून म्हणून तिचा घसा सुकला. "एकदा, राणी. एकदाच. पप्पा येणारेत गं घरी." शेवटी तिनं लेकीचे दोन्ही खांदे धरून जरा जोरात हलवलं, आणि लगेच सोडलं. संस्कृतीनं तिच्याकडं बघितलंही नाही. खांदा मात्र आक्रसून घेतला. ते उज्ज्वलानं पाहिलं. असलं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही.

"पुरं कर गं," भिवराबाई हळूच म्हणाली. "गणपतीला बोलले हाय मी. एकवीस मोदक. त्यो बघंल."

*

साडेचारला तिसरा फोन. नदी लहानशी होती. दोन्ही काठांना गवत, इतकं हिरवं की भिवराबाईनं विचारलं, "कुणी पेरलंय का?" पाणी मुकाट वाहत होतं. काठाच्या एका दगडावर रविराज बसला होता. जवळ माणूस नव्हतं.

"दाखवायचं तेवढं दाखवलं," तो म्हणाला. "गाव संपलं. सगळं गाव फिरलो, उज्ज्वला, अन् एका माणसानं विचारलं न्हाई, कुठला रे बाबा तू." मग त्यानं घसा साफ केला. "संस्कृती. मुंगी काठावर उभी हाय."

उज्ज्वला संस्कृतीला मांडीवर घेऊन बसली होती. फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. भिवराबाई पाठमोरी, तांदूळ डब्यात भरत होती.

"नदी म्हणली, हुंकारा दे."

संस्कृती आईच्या हातातली बांगडी फिरवत होती.

"मुंगीला बाजारला जायचंय. दिवस मावळायला आलाय. तिची आय घरी वाट बघतीये. हुंकारा दे की गं, बेटा."

उज्ज्वलाला त्याचा आवाज ओळखू येईना. चार माणसांत हसून खेळून बोलणारा हा माणूस एका मुंगीसाठी गयावया करत होता. आणि त्याच क्षणी फोनमधलं चित्र अडकलं. त्याचा चेहरा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तसाच थिजला, मागची नदी थिजली. नेटवर्कचं हे लिंबागणेशला रोजचंच. आवाज मात्र चालू होता.

"दिसंना झालं. चित्र थांबलंय. संस्कृती? हायेस का? एकदा म्हण."

आपण दिसत नाही, हे उज्ज्वलाच्या आधी तिच्या गळ्याला कळलं असावं. तिनं ठरवलं असं काही नाही. आवाज बारीक झाला, नाकात गेला, आणि बाहेर पडला.

"हं."

तिकडं तो दगडावरून उठल्याची खसफस ऐकू आली.

"उज्ज्वला," रविराज म्हणाला. "उज्ज्वला, तिनं दिला?"

तिनं उत्तर द्यायच्या आत मागं डबा आदळला. तांदूळ वसरीभर झाले. "बोलली!" भिवराबाई ओरडली. "माझी बाय बोलली! ऐकलं मी, ह्या कानांनी ऐकलं! गणराया, बोलली रे!" आणि तशीच, पदर सावरत, तांदूळ तुडवत ती बाहेर पळाली. गल्लीत तिचा आवाज घरोघर जाताना ऐकू येत होता. "आमची पोर बोलली वो! हुंकारा दिला बापाला!"

चित्र परत हललं. रविराज रडत होता. त्याच्या वडिलांना अग्नी देताना तो रडला नव्हता. आता कोटाच्या बाहीनं नाक पुसत होता आणि हसत होता.

"मुंगी गेली पार," तो म्हणाला. "गेली, उज्ज्वला! लई दिवसांनी गेली."

"अहो," उज्ज्वला म्हणाली. आता सांगायचं, तिनं मनाशी म्हटलं. आधी तो येतो म्हणू दे, मग सांगायचं. आला की सांगायचं. घरात, समोर बसवून.

"डोक्यावरचं वझं उतरलं बग. रोज वाटायचं, माझ्यामुळं झालं हे, मी सोडून आलो म्हणून. आता सुटलो." त्यानं लांब श्वास घेतला. "आता निवांत सही करतो उद्या. दोन वर्षं काय, चुटकीसरशी जातील."

उज्ज्वलाला आधी वाटलं, नेटवर्कमुळं काहीतरी चुकीचं ऐकू आलं.

"पण तुम्ही म्हणला होतात... ती एकदा हं म्हणली तर सही करणार न्हाई. घरी येणार."

"अगं, ते तवा बोलत न्हवती म्हणून म्हणालो! काळजीनं. आता कावून येऊ? आता तर कायी राहिलंच न्हाई. बोलाया लागली, हळूहळू आई म्हणंल, पप्पा म्हणंल, शाळंत जाईल. तू हायेस की तिथं."

तो खरंच तसं समजत होता. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, कुठं लबाडी दिसते का. दिसली नाही. दिसली असती तर तिला भांडता आलं असतं. गप्प पोरीसाठी तो येणार नव्हता, ते बघवत नव्हतं म्हणून. बोलत्या पोरीसाठी येणार नव्हता, आता गरज उरली नाही म्हणून. तिनं जे आठ दिवस छातीशी धरलं होतं त्याला मुळात दारच नव्हतं. आणि असलंच तर ते तिनं आत्ता, स्वतःच्या गळ्यानं, बंद केलं होतं.

"अहो, ऐका ना. तो आवाज..."

"लई गोड व्हता," तो म्हणाला. "तुझ्यासारखा. दर रविवारी गोष्ट सांगणार मी तिला. दादाच्या सगळ्या गोष्टी. संस्कृती, देशील ना बेटा हुंकारा? आज दमली असंल, राहू दे. पण पुढल्या रविवारी, हं?" मागून कुठल्यातरी मोठ्या देवळाची घंटा वाजली. "बस सुटंल माझी. ठिवतो."

चित्र गेलं. काळ्या काचेत उज्ज्वलाला स्वतःचं तोंड दिसलं.

भिवराबाई परतली ती दोन शेजारणींना घेऊनच. एकीनं साखर आणली होती. तिनं संस्कृतीच्या तोंडात चिमूट घातली, "आता म्हण, आजी म्हण," म्हणून दोनदा सांगितलं, आणि मग दोघी तांदूळ भरू लागल्या.

"अगं, वहीत लिही की!" भिवराबाई म्हणाली. "शिंका लिहितीस, हे न्हाई का लिहायचं? बुधवारी त्या मॅडमला दाखवायला लागंल."

तिनं स्वतःच वही आणून पुढं ठेवली. वाचता येत नसलं तरी ती उज्ज्वलाच्या बोटाकडं बघत उभी राहिली. उज्ज्वलानं तारीख टाकली. पुढं लिहिलं, हं. एवढंसं अक्षर, वर टिंब. सगळी वही खरी होती, आज दुपारपर्यंत.

मग भिवराबाई आणि शेजारणी मोदकांसाठी गूळ, खोबरं बघायला दुकानाकडं गेल्या. वसरीत कूलरची घरघर तेवढी राहिली.

अंगणात अकरा पावलं होती. पाचावर भिवराबाईचे पाय पडून गेले होते, बाकीच्यांत संस्कृतीची इवली पावलं उमटलेली. संस्कृती अजून मांडीवरच बसली होती. एवढा वेळ ती कधी बसायची नाही. तिनं हळूच आपला तळवा उचलला आणि आईच्या गळ्यावर ठेवला. जिथून मघाशी आवाज निघाला होता, बरोबर तिथं. जरा दाबला. मग नजर वर करून, कधी नव्हे ती, आईच्या डोळ्यांत बघत बसली.

तिला सगळं कळलं होतं. हं कुणी म्हटलं, हे त्या घरात उज्ज्वलाखेरीज एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस कधी कुणाला सांगणार नव्हतं.

पोर थरथरीची वाट बघत होती. तळवा काढत नव्हती.

उज्ज्वलाला आवाज फुटला नाही.